मोडण्यासाठी केलेला गिअर

दिघी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

आबाजी टर्नरच्या लेकरांनो,

म्हणजे तू आणि मी. सभेला दोनच माणसं आणि त्यातलं एक रुसून घरी बसलेलं, तरी सुरुवात अशीच करते. सुजित, आपल्या दोघांवर एक अन्याय झालेला आहे आणि त्याबद्दल आजवर कुठल्याही व्यासपीठावरून कुणी ब्र काढलेला नाही. ज्या माणसानं उभा जन्म पिंपरीच्या कंपनीत लोखंड सोललं, त्यानं स्वतःच्या पोरांना लेथला कधी बोट लावू दिलं नाही. मला म्हणायचे, "लांब हो, ओढणी अडकंल." तुला म्हणायचे, "ह्यो हात पेनाचा हाय." निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅलरीत ते टेबलावर मावणारं छोटं लेथ आणून बसवलं, तेव्हा तू स्वतःचं शॉप काढलेलं होतंस आणि मी सभा गाजवत होते. तरी आपली जागा उंबऱ्याबाहेरच. उधारी मागायला आल्यासारखे दारात उभे राहून बघायचो.

आबा गेले. सामान आवरताना तू म्हणालास, "ते खेळणं विजूताईला देऊन टाका." मी घेतलं. आता ते आमच्या महिला कामगार संघटनेच्या खोलीत खिडकीपाशी आहे आणि मी त्याला हात लावते. दोन्ही हात. आबा वरून बघत असतील तर बघू देत. लांबून.

व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. खंडू तुझ्या शॉपला कामाला आणि माझ्या गल्लीत राहायला. त्याला म्हटलं, पोस्टमन हो. तो म्हणाला, "व्हतो ताई, पन शेट चिडले तर मी न्हाई बरं का, वारं आलं अन् पाकीट टेबलावर पडलं म्हनीन."

काम असं आहे. लेथचा एक गिअर तुटला. मोटरचा फेर पट्ट्यावरून आत येतो आणि हेडस्टॉकच्या पेटीतल्या प्लास्टिकच्या गिअरांतून फिरत्या दांड्याला, स्पिंडलला, मिळतो, हे तुला सांगायला नको. त्यातल्या मोठ्या गिअरचे ओळीनं काही दाते गेले. कसे गेले ते विचारू नकोस. गेले. तुटका गिअर सोबत पाठवते, मोजमाप त्यावरून घे. ऑनलाइन मागवला तर दिवाळी उलटून गेल्यावर येईल असं दिसतं आणि तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

तुझ्याकडे गिअर कापायचं मशीन आहे. मला हा गिअर स्टीलमध्ये करून दे. सगळं यंत्र लोखंडाचं आणि ऐन छातीत प्लास्टिक, ही काय रीत झाली? कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो, माझ्या खोलीत चालणार नाही.

एका बाईचं काम अडलं आहे. दिवाळीची सुट्टी संपली की चाकणला एका कंपनीच्या गेजरूममध्ये तिची हाताची परीक्षा आहे. मायक्रोमीटर धरून, माल मोजून दाखवायचा. त्यासाठी तिला एक वस्तू लागते आणि ती वस्तू याच लेथवर होणार आहे. बाईचं नाव तुला कळण्याची गरज नाही.

एवढंच काम आहे. दुसरं काही लिहायला बसलेली नाही.

विजयश्री

---

दिघी
गुरुवार, ९ ऑक्टोबर

सुजित,

तुझा निरोप पोचला. खंडूनं तो जसाच्या तसा सांगितला, तुझ्या कपाळावरच्या आठीसकट.

"शेट म्हनले, स्टीलचा देनार न्हाई. तितं प्लास्टिकचाच लागतो. काय अडकलं तर पहिलं त्यानं मोडायचं, म्हंजी बाकीचं वाचतं. त्यासाठीच केल्याला असतो त्यो."

मी म्हटलं, "मग प्लास्टिकचा तरी देतो म्हणाले का?"

"म्हनले, आधी तिला जरा इचार कर म्हनाव, मंग बघू."

विचार कर! मला! ज्या बाईनं वाचनालयातली पुस्तकं संपली म्हणून जुनी वर्तमानपत्रं वाचायला काढली, तिला तू विचार करायला सांगतोस?

बरं, केला विचार. ऐक. मोडण्यासाठीच केलेला असतो तो. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे, फक्त गिअरबद्दल नाही. कंत्राटी पोरगी कशासाठी ठेवायची? ऑर्डर घटली की पहिलं तिनं मोडायचं, म्हणजे बाकीचं वाचतं. वाड्यावस्तीवरून आलेला हेल्पर कशासाठी? साहेबांची चूक झाली की पहिलं त्यानं मोडायचं. यंत्र बनवणाऱ्यानंसुद्धा तोच कायदा लोखंडात ओतलेला असेल तर मी तो पाळणार नाही. एखाद्याला मुद्दाम कमजोर घडवायचं आणि मोडला की म्हणायचं, तो त्यासाठीच होता! माझ्या खोलीत कुणीही मोडण्यासाठी येत नाही. गिअरसुद्धा नाही.

तू दिला नाहीस म्हणून जग थांबलेलं नाही. मी आकुर्डीला उद्धवकाकांकडे गेले. आबांच्या शेजारच्या मशीनवर उभे असायचे ते. अजून त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनं मिलिंग मशीन आहे. आबांच्या डब्यात त्याच मापाचा एक जुना, दाते झिजलेला गिअर सापडला होता, तो त्यांच्या हातावर ठेवला तर त्यांनी तो उजेडात धरून पाहिला.

"ह्यो गिअर हाय व्हय? मला वाटलं कंगवा."

"काका, स्टीलचा होईल का?"

"व्हईल का म्हंजे? तुझ्या नातवंडांना पुरंल असा करतो."

मला नातवंडं होण्याची काही सोय मी ठेवलेली नाही हे त्यांच्या लक्षात राहत नाही. पण गिअर मात्र त्यांनी असा केला आहे की हातात घेतल्यावर वजनानंच विश्वास बसावा.

आज गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी, म्हणून तो बसवायला सगळा दिवस मिळाला. आणि आता तुला नाव सांगते, कारण लपवण्यासारखं काही काम मी करत नाही. माझ्याबरोबर दिपाली होती.

हो. तीच दिपाली. गेल्या वर्षी तुझ्या शॉपमधल्या प्रेसवर जिचा उजवा अंगठा आणि त्याशेजारचं बोट गेलं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय जो प्रेस खाली येऊ नये असा बनवलेला असतो, त्याचं एक बटण तारेनं दाबून बांधलेलं होतं. तार तू बांधली होतीस. चाकणची ऑर्डर होती, घाई होती. हे मी चौकशीत सांगितलं आणि भोसरीच्या सभेत माइकवरून सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं. त्या संध्याकाळी तू फोन करून म्हणालास, "आजपासून तुला भाऊ नाही असं समज." मी समजले नाही. पण नाव घेतल्याचा पश्चात्तापही मला नाही. उद्या तशी वेळ आली तर पुन्हा घेईन.

कायद्यानं जे करायचं ते तू केलंस, प्रेस विकून टाकलेस, हेही मला माहीत आहे. पण तिच्यासमोर एकदाही उभा राहिला नाहीस.

तर ती वस्तू म्हणजे अंगठा. तिनं स्वतः तो आधी साबणाच्या वडीतून कोरला. कपडे धुवायच्या निळ्या साबणातून, डाव्या हातानं. आत पोकळ, उरलेल्या खुंटावर बसेल असा, मनगटाला पट्टा, आणि टोकाला बारीक खडबडीत रेघा, म्हणजे मायक्रोमीटर निसटू नये. आता तो अॅल्युमिनियममध्ये करायचा आहे. तू म्हणशील, एखाद्या शॉपमधून करून आणायचा. कुठलं शॉप एका अंगठ्यासाठी मशीन अडवून धरेल? जरा कापायचं, घालून बघायचं, टोचलं की काढायचं, पुन्हा जरा कापायचं. आणि खरं कारण ते नाहीच. तिलाच तो करायचा आहे. वर्षभरात ती कुठल्याही फिरत्या यंत्रासमोर उभी राहिलेली नव्हती. मिक्सर लावायचा झाला तरी आईला हाक मारते. माझ्याकडे आली तेव्हा लेथपासून इतकी लांब बसली की आबा खूश झाले असते. आता जवळ येऊन हँडल फिरवते.

माल धरणारा चक काढला, मागचे नट काढले, पण स्पिंडल बेअरिंगमध्ये असा घट्ट बसलेला की हलेना. मी हातोडा उचलला. दिपाली म्हणाली, "ताई, हानू नका. बेअरिंगला मार बसंल." मग तिनंच लांब बोल्ट, पाइपचा तुकडा आणि जाड वॉशर जमवून ओढ लावली. पान्याचा एकेक फेर आणि स्पिंडल केसाकेसानं बाहेर. स्पिंडलच्या खोबणीतली, गिअरला धरून ठेवणारी लोखंडी चावी पडून कपाटाखाली गेली, ती काढायला मी जमिनीवर आडवी. "फोटू काढू का ताई? पुढच्या सभेच्या बोर्डाला व्हईल." बेअरिंगला ग्रीस, खोबणीत चावी, उद्धवकाकांचा गिअर, वर सर्क्लिपची कडी. दुपारच्या चहापर्यंत लेथ फिरायला लागलं. आवाज जरा वाढला आहे, लोखंडाला लोखंड घासल्याचा. मला तो आवडला.

तुझ्या प्लास्टिकची गरज उरलेली नाही. विचार करून झाला.

विजयश्री

---

दिघी
मंगळवार, १४ ऑक्टोबर

सुजित,

हे पत्र मी दोनदा फाडलं. दोन्ही वेळा ते भाषण झालं होतं.

काय झालं ते सांगते. आधी हे, की कुणाला लागलेलं नाही.

काल संध्याकाळी दिपाली अंगठ्याच्या बाहेरच्या बाजूला शेवटचा हात देत होती. फीड ऑटोवर होतं. कापणारं टूल आपोआप चककडे सरकतं आणि वेळेवर लिव्हर उचलून ते थांबवायचं असतं. तिच्या उजव्या हाताला ती लिव्हर झटकन पकडता येत नाही आणि डावा हात हँडलवर असतो. म्हणून लिव्हर उचलण्याचं काम माझं. तेवढं एकच काम माझं होतं.

मी बोलत होते.

ती म्हणाली होती, "कंपनीत आठ तासच काम आसतंय का ओ ताई, का थांबवून घेत्यात?" एवढंसं विचारलं तिनं. आणि मी सुरू झाले. आठ तासांच्या दिवसासाठी कुठल्या देशात किती माणसं रस्त्यावर आली, कुणाला फासावर चढवलं, आपल्याकडे कधी आलं. खिडकीबाहेर बघत, हात वर करून. तू मला बोलताना पाहिलं आहेस. समोर माणूस असला की मला माणूस दिसत नाही, सभा दिसते.

टूल चकमध्ये घुसलं.

आणि काहीच मोडलं नाही. लक्षात येतंय का तुझ्या? आत मोडण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं. मोटर ढकलत राहिली. चकच्या जबड्यांनी टूल वाकवलं, टूलपोस्ट तिरका केला, आणि अंगठा चकमधून उसळून दिपालीच्या गालाजवळून गेला. मागच्या भिंतीचा पोपडा उडाला. मला हलायला सुचलं नाही. मी, जी आगीत उभी राहून घोषणा देते, ती लिव्हरकडे बघत उभी राहिले. दिपालीनं डाव्या तळहातानं लाल बटणावर थाप मारली तेव्हा ते थांबलं.

ती स्टुलावर बसली. उजवा हात तिनं काखेत धरला होता, जणू तो पुन्हा जाणार होता.

"ताई, मागल्या बारीला ते आपसूक थांबलं व्हतं."

"हो."

"या बारीला थांबलं न्हाई."

मी भिंतीपाशी पडलेला अंगठा उचलला.

"प्रेसबी थांबला नव्हता," ती म्हणाली. रागानं नाही. पाऊस पडला म्हणावं तसं.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, गिअर कसा तुटला ते विचारू नकोस. आता न विचारता सांगते. तेव्हाही हेच झालं होतं. हीच लिव्हर, हेच माझं बोलणं. फक्त तेव्हा आतून कटकट असा आवाज आला, प्लास्टिकचे दाते गेले आणि चक जागच्या जागी उभा राहिला. दिपालीच्या हातातला चहाही हिंदकळला नाही. आम्ही हसलो होतो. मी म्हटलं होतं, "बघ, चिनी माल."

तो चिनी माल तिच्या आणि चकच्या मध्ये उभा राहिला होता, सुजित. तू तेच सांगत होतास. आणि मी त्याच्या जागी असं काही बसवलं की जे कधीच हार मानणार नाही.

दिवसभर मी स्वतःला विचारते आहे की मी स्टील का बसवलं. तुला पाठवलेल्या भाषणातलं कारण खोटं नाही, पण ते नंतर सुचलेलं आहे. आधी आली ती घाई. दिवाळीच्या आत काम व्हायला हवं. मध्येच गिअर मोडला, यंत्र थांबलं, तर वेळ जाईल. थांबणं नको होतं मला. आणि काम पुण्याचं होतं, एका जखमी पोरीसाठी होतं, म्हणून मला वाटलं, मला चालतं.

तारेनं बटण बांधताना तुझ्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही. बहुतेक हेच असेल. चाकणची ऑर्डर. कामगारांचे पगार. थांबणं परवडत नाही. आजवर मला वाटायचं, ती तार बांधायला एखाद्या वेगळ्या जातीचं काळीज लागत असेल. लागत नाही. आपल्या आईच्या पोटचं चालतं.

यातून भलता अर्थ काढू नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. माफी द्यायला मी कोण? हात माझा गेलेला नाही. चौकशीत जे बोलले त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. उलट आता जास्त बोलेन, आणि माझं नाव पहिलं घेऊन बोलेन. गेल्या पत्रात मी म्हटलं, कुणालाही मोडण्यासाठी घडवू नये. माणसाच्या बाबतीत मी त्याच वाक्यावर मरेन. पण यंत्रात मोडायला काही ठेवलं नाही तर मोडायला माणूसच उरतो, हे मला सभेत टाळ्या घेताना कधी सुचलं नव्हतं. काल भिंतीचा पोपडा खाली पडल्यावर सुचलं.

स्टीलचा गिअर मी काढून टाकला. दिपाली म्हणाली, "ठिवा, कागदावर वजन म्हनून व्हईल." उद्धवकाकांना फोन करून सांगितलं. वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "मग लेथ थांबवायचं कामबी गिअरनंच करायचं व्हय गं? तुझं ध्यान कुठं होतं?" आता चालू लेथपाशी माझं तोंड बंद. दिपालीनं भिंतीवर, जिथं पोपडा पडला तिथंच, खडूनं लिहून ठेवलं आहे: ताईंनी बोलू नये.

स्पिंडल वर्तमानपत्रावर काढून ठेवला आहे. अंगठा वाकला, तो आता नव्यानं करायचा. अॅल्युमिनियमचा एक तुकडा उरला आहे, म्हणजे एकच संधी. परीक्षेचा दिवस बदललेला नाही. मला प्लास्टिकचा गिअर हवा आहे. जो मोडेल तोच हवा आहे. या वेळेला मी मागते आहे, सांगत नाही.

विजूताई

---

दिघी
सोमवार, २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

सुजित,

अभ्यंगस्नान करून केस वाळायच्या आत खंडू दारात उभा. एका हातात बायकोनं दिलेला फराळाचा डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी.

"काय रे, काय आणलंस?"

"डब्यात चकल्या हायेत. पुडीत काय हाय मला म्हाईत न्हाई. शेट म्हनले, काय हाय ते इचारू नगं, ताईला दे अन् मागं न बघता ये."

"मग तुला माहीत नाही?"

"म्हाईत कसं न्हाई? मीच तर मशीनखालच्या चिप्स झाडल्या. गुरुवारी सुट्टी आसून शेटनी एकट्यानं मशीन लावलं व्हतं. मी आपला डबा इसरलो म्हनून गेलतो. एक कापला, बगितला, फेकला. दुसरा कापला, फेकला. मी म्हनलं, शेट, चांगला तर हाय. तर म्हनले, गप ए."

मी पुडी उघडली. पांढरा, दुधाच्या दातासारखा. कडा मारलेल्या, भोकाला बोट लावलं तर रेशमासारखं. आबांनी तो नखावर उभा करून फिरवला असता आणि काही बोलले नसते, म्हणजे पास. आपल्या दोघांवरच्या अन्यायाबद्दल मी पहिल्या पत्रात तक्रार केली होती. तुझ्यापुरती ती मी मागे घेते. तो हात पेनाचा नव्हता.

मग मी शहाणपणा केला. लगेच बसवायला घेतला नाही. दिपालीच्या घरी गेले. ती दारात रांगोळी काढत होती, डाव्या हातानं. उजव्या तळव्यावर रांगोळीची वाटी तोललेली. मी गिअर तिच्यापुढे धरला. तिनं बोटं फरशीवर झटकली, तो घेतला, दाते मोजत असल्यासारखा फिरवला.

"भारी केलाय," ती म्हणाली. "कुनी?"

"सुजितनं."

"त्यांनी सोता?"

"स्वतः. सुट्टीच्या दिवशी."

ती बराच वेळ तो उलटसुलट बघत राहिली. आतून तिची आई विचारत होती, कोण आलंय गं, चिवडा दे. मग दिपालीनं तो त्याच वर्तमानपत्रात गुंडाळला, पहिल्यापेक्षा नीट, आणि माझ्या हातात परत दिला.

"खंडूदादाच्या हातून नको ताई. शेटनी सोता आनायचा."

मी म्हटलं, "अगं, परीक्षा तोंडावर आली. अंगठा व्हायला वेळ लागणार. आता हट्टाची वेळ आहे का?"

"तुमी मला हट्ट शिकीवला अन् आता तुमीच नको म्हनता व्हय?"

गप्प राहायची सवय तशीही लावून घेते आहे.

ती म्हणाली, "वरीस झालं. शॉपवरनं समदे येऊन गेले. खंडूदादा आले, हेल्पर आले, चहावाला आला. शेट आले न्हाईत. कागद आले. मला त्यांना काय बोलायचं न्हाई ताई, शिव्या द्यायच्या न्हाईत. त्यांनी गिअर बसवायचा, मी बाजूला उभी ऱ्हानार. त्यांनी माज्यासमोर मशीन चालू करायची. अन् हात खिशात घालून उभं ऱ्हायचं न्हाई म्हनाव."

"आणि तो आलाच नाही तर?"

ती उठली, आत गेली, आणि तो साबणाचा अंगठा घेऊन आली. हातावर चढवला, पट्टा आवळला, मला नमस्कार केल्यासारखा हात पुढे केला.

"ह्यो घालून जाईन. मायक्रोमीटर घसरंल. घसरला तर घसरला. हात धुवून येईन तेवढ्यातल्या तेवढ्यात." आणि हसली. पण तिला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे की तो घालून ती पास होणार नाही. ओला हात लागला की साबण विरघळतो, आणि परीक्षेत घाम कुणाला येत नाही? चाकणच्या त्या गेजरूममध्ये तिला टेबलापाशी बसून डोळ्यांचं आणि हाताचं काम मिळालं असतं. ते गेलं तर पुढचं दार कुठलं, ते मला दिसत नाही. तरी तिनं ठरवलं आहे. या वेळी मी तिच्या आणि तिच्या निर्णयाच्या मध्ये उभी राहणार नाही.

म्हणून गिअर परत पाठवते आहे. खंडूकडेच. तो बिचारा म्हणतो, "ताई, ह्या गिअरनं लेथवर न्हाई तेवढ्या चकरा माज्याबरूबर मारल्या."

तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. तोंड कसं दाखवू. ती रडेल. तिची आई बोलेल. ताई पुन्हा भाषण देईल. तर ऐक. ती रडणार नाही. तिची आई बोलेल, तेवढं तू ऐकून घ्यायचं. आणि मी बोलणार नाही. भिंतीवर तसं लिहिलेलंच आहे, वाचून घे. लिव्हरपाशी मी असेन, डोळे लिव्हरवर, तोंड शिवलेलं.

या गुरुवारी भाऊबीज आहे. गुरुवार, म्हणजे शॉपला तशीही सुट्टी. कारण सांगायला जागा उरलेली नाही. गेल्या भाऊबीजेला मी ताट तयार करून ठेवलं होतं. निरांजनातलं तूप संपून ते आपोआप विझलं. या वर्षी मी ताट संघटनेच्या खोलीत आणणार आहे. ओवाळणीत मला साडी नको, पाकीट नको. वर्तमानपत्रावर स्पिंडल तयार आहे, बेअरिंग पुसून ग्रीस लावून ठेवलं आहे, चावी या वेळेला वाटीत ठेवली आहे. दिपालीनं ओढ लावायचा बोल्टसुद्धा तेल लावून ठेवला आहे. फक्त एक जागा रिकामी आहे.

सुजित, गुरुवारी सकाळी हा गिअर तुझ्या हातानं घेऊन ये आणि दिपालीसमोर तुझ्या हातानं बसव.

विजूताई